उघडून पाहता येणारी वीज

सौरघटाचा जन्म मोठ्या वीजकेंद्रासाठी झाला नाही. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डॅरिल चेपिन हे अभियंते एका अगदी व्यवहारी अडचणीवर काम करत होते. उष्ण, दमट प्रदेशातल्या आडबाजूच्या दूरध्वनी यंत्रणांना लागणाऱ्या कोरड्या बॅटऱ्या फार लवकर खराब होत आणि तिथवर विजेच्या तारा पोचलेल्या नव्हत्या. चेपिन यांनी वारा आणि लहान वाफेची इंजिने हे पर्यायही तपासले आणि शेवटी ते सूर्यप्रकाशाकडे वळले. सेलेनियमच्या तेव्हाच्या घटातून एक टक्काही ऊर्जा मिळत नव्हती. मग त्याच प्रयोगशाळेतले जेराल्ड पिअरसन आणि कॅल्विन फुलर यांच्या सिलिकॉनवरच्या कामाची जोड मिळाली आणि २५ एप्रिल १९५४ रोजी सुमारे सहा टक्के कार्यक्षमतेचा घट लोकांसमोर आला. त्या दिवशी त्यावर एक खेळण्यातला आकाशपाळणा फिरवून दाखवला होता. चार वर्षांनी, मार्च १९५८ मध्ये, व्हॅनगार्ड-१ हा लहानसा उपग्रह हे घट घेऊन अवकाशात गेला. त्याचा बॅटरीवरचा प्रक्षेपक काही महिन्यांतच गप्प झाला. सौरघटांवरचा मात्र १९६४ पर्यंत बोलत राहिला.

आज सौरऊर्जा म्हटले की डोळ्यांसमोर शेकडो एकरांवर पसरलेल्या निळ्या पट्ट्या येतात, म्हणून ही सुरुवात सांगितली. लहान, दूरच्या आणि एकट्या जागेसाठी वीज हाच या तंत्राचा मूळ प्रश्न होता. या पुस्तकाचा विषयही तोच आहे: एका माणसाला उचलून नेता येईल असा वीजसंच, आणि तो कार्यशाळेत बसून स्वतःच्या हातांनी तयार करण्याची रीत. आयटीआयचे विद्यार्थी, शाळेतले विज्ञानशिक्षक, बचत गटातल्या महिला, डोंगरवाटांवर जाणारे गट, आपत्तीत धावून जाणारे कार्यकर्ते, घरातला जुना रेडिओ उघडून बसणारी मुलगी, या सर्वांचे या विषयात मनापासून स्वागत आहे. गणित लागते ते गुणाकार-भागाकाराइतकेच.

वाचकाने एक विचार सुरुवातीलाच सोबत घ्यावा, असे मला वाटते. लहान वीजसाधनांचे भवितव्य त्यांच्या कार्यक्षमतेवर फारसे ठरत नाही. ते साधन जिथे वापरले जाते तिथल्या कुणाला ते उघडता येते का, यावर ठरते. वाटप झालेले सौरकंदील कोपऱ्यात पडलेले आपण गावोगाव पाहतो. त्यांतला एखादा उघडून पाहावा. प्लेट बहुतेक वेळा शाबूत असते. मेलेली बॅटरी, गंजलेला जोड, उडालेला फ्यूज किंवा सुटलेली वायर यांपैकी काहीतरी निघते. दुरुस्ती अवघड नसते, पण खोका डिंकाने चिकटवलेला असतो आणि आतले काय कशाला जोडले आहे हे गावात कुणालाच ठाऊक नसते. म्हणून कार्यशाळेत बनवलेला ओबडधोबड संच कारखान्यातल्या गुळगुळीत संचापेक्षा मला अधिक मोलाचा वाटतो. त्याच्यासोबत तो उघडणारा माणूसही तयार होतो.

या विचाराला जुनी आणि भक्कम परंपरा आहे. डेन्मार्कमधल्या आस्कोव येथील लोकशाळेत पॉल ला कूर हे शिक्षक होते. त्यांनी १८९१ मध्ये सरकारी मदतीने शाळेच्या आवारात पवनचक्की उभी केली आणि तिला डायनॅमो जोडला. वारा नसताना काय करायचे, हा प्रश्न त्यांनाही पडला होता. विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन साठवायचा आणि तो शाळेच्या दिव्यांत जाळायचा, असे उत्तर त्यांनी काढले. आज हरित हायड्रोजनची जी चर्चा चालते तिचा हा सव्वाशे वर्षांपूर्वीचा शाळकरी अवतार. तरीही मला त्यांचे सर्वात मोठे काम वाटते ते १९०४ पासूनचे. त्यांनी खेड्यांतल्या तरुणांसाठी ग्रामीण वीजतंत्री घडवणारे अभ्यासवर्ग सुरू केले. शेतकऱ्यांची मुले तिथे येत, शिकत आणि आपापल्या गावी जाऊन लहान वीजकेंद्रे चालवत. त्यांतल्याच योहान्नेस यूल या विद्यार्थ्याने पुढे, १९५७ मध्ये, गेडसर येथे २०० किलोवॅटची पवनचक्की उभी केली. नंतरच्या डॅनिश पवनचक्क्यांचा आराखडा तिच्यापासूनच घडला. एका देशाच्या पवनउद्योगाची एक मुळी अशी शाळेच्या आवारात सापडते.

आपल्याकडे १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची मांडणी केली. तकली आणि चरखा ही त्या वेळची उचलून नेता येणारी यंत्रे होती. पुढे १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. एका कंपनीच्या संशोधन विभागातली मोठी जागा सोडून एक शास्त्रज्ञ कोरडवाहू गावात राहायला आला आणि शाळा सोडलेल्या मुलांना वेल्डिंग, वायरिंग, शेती, बांधकाम हे सारे करता करता विज्ञान शिकवू लागला. राजस्थानातल्या तिलोनियाचे बेअरफूट कॉलेज तर याहूनही धीट. बंकर रॉय यांनी १९७२ मध्ये सुरू केलेल्या या संस्थेत आफ्रिकेतल्या अनेक देशांतून महिला येतात. त्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नाही, कित्येक जणी आजी झालेल्या असतात आणि परस्परांची भाषाही कुणाला येत नाही. सहा महिने खुणांनी आणि रंगांच्या संकेतांनी त्या सर्किट जोडायला शिकतात आणि परत जाऊन गावातले सौरदिवे बसवतात, दुरुस्त करतात. मुंबईच्या आयआयटीने चेतनसिंह सोळंकी यांच्या पुढाकाराने विद्यार्थ्यांच्या अभ्यासदिव्यांचा जो मोठा उपक्रम राबवला, त्यातही दिव्यांची जुळणी, वाटप आणि दुरुस्ती गावातल्याच लोकांकडे सोपवली होती. दुरुस्तीचा विचार पहिल्या दिवसापासून आखणीत होता, ही त्या उपक्रमाची मला सर्वात आवडलेली बाजू.

आता संचाकडे येऊ. या पुस्तकातला मुख्य संच असा आहे: ५० वॅटची प्लेट, १२.८ व्होल्टची १२ अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, तिचे चार्जिंग सांभाळणारा चार्ज कंट्रोलर, फ्यूज, स्विच, दोन एलईडी दिवे आणि मोबाइल चार्जिंगची सोय. पण कार्यशाळेच्या पहिल्या सत्रात यांतले काहीच हातात घ्यायचे नाही. वही घ्यायची. वॅट आणि वॅट-तास यांतला फरक अंगवळणी पडेपर्यंत पुढे जाऊ नये, असा माझा आग्रह आहे. वॅट म्हणजे या क्षणी वीज किती वेगाने लागते आहे, आणि वॅट-तास म्हणजे एकूण किती लागली. पाच वॅटचा दिवा पाच तास जळला तर २५ वॅट-तास लागले. दोन दिव्यांचे ५० झाले. हल्लीच्या मोबाइलच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-तास मावतात. चार्ज होताना वाया जाणारे धरून २५ म्हणू. दोन मोबाइलचे ५०. म्हणजे एका कुटुंबाची संध्याकाळ १०० वॅट-तासांत निभावते.

आता साठा पाहू. १२.८ गुणिले १२ म्हणजे सुमारे १५४ वॅट-तास. बॅटरी तळापर्यंत रिकामी करायची नाही म्हणून ८० टक्के, म्हणजे १२३ धरू. महावितरणच्या बिलावरचे एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. आपण खपून तयार केलेल्या संचात त्या युनिटचा जेमतेम आठवा हिस्सा मावतो! हा आकडा फळ्यावर आला की वर्गातली चर्चाच बदलते. गीझर, इस्त्री, मिक्सर यांच्याकडे लोक नव्या नजरेने पाहू लागतात.

आवक मात्र ऋतूनुसार बदलते. महाराष्ट्रात चांगल्या दिवशी पूर्ण उन्हाचे सुमारे पाच तास हिशेबात धरता येतात. ५० वॅटची प्लेट त्या हिशेबाने २५० वॅट-तास द्यायला हवी. पण धूळ, उष्णता, कोन आणि साधा कंट्रोलर यांची कपात जाऊन १५०च्या आसपास हाती लागतात. जानेवारीत चैन आहे. जुलैत कोकणात ऊन निम्म्यावर येते, आवक ७५वर, आणि गरज १००ची. मग एक दिवा बंद ठेवायचा की एक मोबाइल एक दिवसाआड चार्ज करायचा, हे घरातल्यांनी ठरवायचे. मोठी प्लेट घेणे हाही मार्ग आहे, पण मग ती उचलून नेणे अवघड होते. वजन, पैसा आणि गरज यांची ही ओढाताण म्हणजेच या विषयाचा गाभा आहे आणि ती कुणी दुसऱ्याने आपल्यासाठी सोडवून देऊ नये.

उन्हाविषयी एक गैरसमज इथेच दूर करतो. कडक ऊन म्हणजे जास्त वीज, हे अर्धेच खरे. प्लेटला प्रकाश हवा असतो, ताप नको असतो. प्लेटची नोंदलेली क्षमता घटाचे तापमान २५ अंश धरून मोजलेली असते आणि त्यापुढे दर अंशाला साधारण ०.४ टक्के शक्ती घटते. मे महिन्यात विदर्भात दुपारी घट ६५ अंशांवर सहज जातो, म्हणजे सोळा टक्के गेले. शक्तीतली ही घसरण मुख्यतः व्होल्टेजमध्ये होते आणि त्यातून एका जुन्या कोड्याचे उत्तर मिळते. १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी १८ व्होल्टची प्लेट का? प्लेटमधले ३६ घट काम करताना प्रत्येकी सुमारे अर्धा व्होल्ट देतात, म्हणून १८. उन्हाने तापल्यावर हेच पंधराच्या आसपास उतरतात. आपली बॅटरी पूर्ण भरायला १४.६ व्होल्ट लागतात. म्हणजे वरचे व्होल्ट वैशाखासाठी राखून ठेवलेले आहेत. कमी घटांची स्वस्त प्लेट थंडीत छान चालते आणि भर उन्हाळ्यात बॅटरी अर्धवट ठेवते, त्याचे कारण हे. प्लेटखाली हवा खेळती ठेवावी, पत्र्यावर ती सपाट टेकवू नये.

वायरची जाडी हा दुसरा दुर्लक्षित विषय. बारा व्होल्टच्या संचात वायर बारीक असली की वीज वाटेतच खर्च होते. समजा, पाच मीटरवरच्या दिव्या-पंख्यापर्यंत तीन अँपिअर न्यायचे आहेत. जाणे-येणे मिळून दहा मीटर तांबे. दीड चौरस मिलिमीटरची वायर असेल तर वाटेत सुमारे ०.३६ व्होल्ट पडतात आणि अर्ध्या चौरस मिलिमीटरची असेल तर त्याच्या तिप्पट, एक व्होल्टच्या वर. घरातल्या २३० व्होल्टमध्ये एक व्होल्ट कुणाला कळतही नाही. बारामधला एक गेला की पंखा मंदावतो आणि दोष बॅटरीला दिला जातो. म्हणून मल्टिमीटर हे या कार्यशाळेतले पहिले हत्यार. पक्कड आणि सोल्डरिंग त्यानंतर. वायरच्या दोन्ही टोकांना व्होल्टेज मोजण्याची सवय लागली की निम्मे बिघाड जागेवर सापडतात.

बॅटरीविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण पैसा आणि धोका दोन्ही तिथेच आहेत. वर्षानुवर्षे अशा संचांत शिसे-आम्लाची बॅटरी वापरली गेली. ती स्वस्त आणि सहज मिळणारी असते. पण निम्म्याहून जास्त रिकामी केली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते आणि सात अँपिअर-तासांचीच बॅटरी दोन किलोच्या वर भरते. लिथियम आयर्न फॉस्फेटने उचलून नेता येणाऱ्या संचाचे गणितच बदलले. या पदार्थाचा बॅटरीतला उपयोग १९९७ साली अक्षय पाढी, के. एस. नंजुंडस्वामी आणि जॉन गुडइनफ यांच्या शोधनिबंधातून जगासमोर आला. गुडइनफ यांना लिथियम बॅटरीवरच्या कामासाठी २०१९चे नोबेल मिळाले. पाढी आणि नंजुंडस्वामी ही भारतीय नावेही विद्यार्थ्यांना ठाऊक असायला हवीत. या बॅटरीची चक्रे हजारांत मोजली जातात आणि इतर लिथियम प्रकारांपेक्षा ती पेट घेण्याकडे बरीच कमी झुकते. तरीही पूर्ण भरलेल्या बॅटरीच्या दोन टोकांवर पाना पडला तर ठिणग्या उडतात आणि धातू वितळतो. फ्यूज बॅटरीच्या धन टोकाला जितका जवळ देता येईल तितका द्यावा. आणि कंट्रोलरवर बॅटरीचा प्रकार योग्य निवडला आहे ना, हे जोडणीआधी पाहावे. शिसे-आम्लासाठीची सेटिंग लिथियमला मानवत नाही.

इन्व्हर्टर या पुस्तकात मुद्दाम शेवटच्या भागात ठेवला आहे. पहिल्या संचात तो नसावा, असे माझे स्पष्ट मत आहे. बाराचे दोनशेतीस करताना वीज वाया जाते, नुसता चालू ठेवला तरी तो काही वॅट खात बसतो आणि शिकाऊ हातांसमोर जीवघेणे व्होल्टेज येऊन उभे राहते. दिवा, मोबाइल, रेडिओ आणि लहान पंखा हे सर्व थेट डीसीवर चालते.

वारा आणि पायडल यांचीही प्रकरणे आहेत, पण त्यांतून वेगळे शिकायचे आहे. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाने बदलते. सव्वा मीटरच्या आतबाहेर व्यासाच्या पात्यांना सेकंदाला पाच मीटर वेगाच्या वाऱ्यात सुमारे वीस वॅट मिळतात आणि वेग तीनवर आला की चार-पाचच उरतात. त्यामुळे उंच खांबाशिवाय पवनचक्कीला अर्थ नाही, आणि उंच खांब पाठीवर नेता येत नाही. मात्र कार्यशाळेतला सर्वात आनंदाचा प्रकल्प तोच. स्कॉटलंडमधल्या स्कोरेग या बोटीने किंवा पायीच गाठता येणाऱ्या वस्तीवर ह्यू पिगट यांनी गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकापासून हाताने पवनचक्क्या बनवल्या. लाकडी पाती तासली, तारेची वेटोळी गुंडाळली, भंगारातल्या गाड्यांचे भाग वापरले आणि आपली सगळी मापे जगाला देऊन टाकली. त्या मापांवरून अनेक देशांत कार्यशाळा चालतात. आपल्याकडे ऑरोव्हिलमध्येही हे काम झाले आहे. स्वतः गुंडाळलेल्या वेटोळ्यापुढून चुंबक फिरला आणि मीटरचा काटा हलला की फॅरडेने १८३१ मध्ये काय पाहिले ते विद्यार्थ्याला पुस्तकाशिवाय कळते. पायडलचेही तसेच. धडधाकट माणूस तासभर ७५ वॅट देऊ शकतो. कपात वजा करून त्यात दोन-तीन मोबाइल भरतात. घाम गाळून भरलेला मोबाइल माणूस उगाच चालू ठेवत नाही.

हे सर्व कुणासाठी, याची उत्तरे आपल्या आसपास आहेत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या परिसरात धडकले आणि रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. आभाळ भरलेले, टॉवर बंद, मोबाइल मेलेले आणि मुंबईत घरच्यांचा जीव टांगणीला. अशा वेळी एका वाडीत १०० वॅट-तास असणे आणि नसणे यांत फार अंतर असते. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडमधून आणि आसपासच्या जिल्ह्यांतून निघणारी ऊसतोड कुटुंबे साखर कारखान्यांच्या परिसरात कोप्या बांधून महिनोन्‌महिने राहतात. तिथे वीजजोडणी नसते आणि पहाट व्हायच्या आत कामाला निघायचे असते. कोपीत अभ्यास करणाऱ्या पोरांसाठी आणि अंधारात बाहेर जाणाऱ्या बायकांसाठी दिवा हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे. चराईसाठी फिरणारे धनगर, होडीवर रात्र काढणारे मच्छीमार, वारीतले वैद्यकीय पथक यांनाही हेच लागू होते. या संचाने शेतीपंप, फ्रिज किंवा शेगडी चालणार नाही, हे मी आग्रहाने सांगतो. तारेने येणाऱ्या विजेचा हक्क त्याने कमी होत नाही. कोपीत राहणाऱ्यांना एक खोका देऊन कुणी त्या जबाबदारीतून मोकळे होऊ नये.

कार्यशाळा घेणाऱ्यांना दोन विनंत्या. हत्यार कुणाच्या हातात आहे, यावर लक्ष ठेवा. चार जणांच्या गटात एक मुलगा सोल्डरिंग करतो, तिघे पाहतात आणि मुली नोंदी लिहितात, हे चित्र आपोआप तयार होते. ते मोडावे लागते. प्रत्येकाने स्वतःचा जोड स्वतः करावा, मग तो कितीही वेडावाकडा होवो. आणि शेवटचा अर्धा दिवस बिघाडासाठी राखून ठेवा. प्रशिक्षकाने प्रत्येक संचात गुपचूप एक दोष पेरायचा: फ्यूज काढायचा, एक स्क्रू सैल करायचा, प्लेटच्या एका घटावर काळी पट्टी चिकटवायची. मग संचांची अदलाबदल करून दुसऱ्याच्या संचातला दोष शोधायला लावायचे. घट एकापुढे एक जोडलेले असल्याने एकावरची सावली सगळ्या प्लेटला कशी धरून ठेवते, हे त्या पट्टीने जितके पटते तितके आकृतीने पटत नाही. प्रमाणपत्र द्यायचे असेल तर या सत्रानंतर द्यावे.

या क्षेत्रात नव्या माणसांना करण्यासारखे खूप आहे. विजेवरच्या स्कूटरमधून निघालेल्या बॅटऱ्यांतले बरेच घट अजून काम देऊ शकतात. ते तपासून, वेगळे करून अशा संचांत वापरण्याची सुरक्षित आणि गावपातळीवर जमणारी पद्धत बसवणे हे मोठे काम आहे. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनी निकामी बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. पण वाडीवरची बॅटरी त्यांच्यापर्यंत पोचवणारी साखळी कुणीतरी उभी करावी लागेल. मराठीत बिघाडांच्या नोंदी ठेवल्या पाहिजेत: कोणत्या हवेत कोणता जोड गंजतो, किनाऱ्यावर काय टिकते, काळ्या मातीच्या धुळीत प्लेट किती दिवसांनी पुसावी. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी कोरी पाने आहेत ती यासाठी.

प्रकरणे क्रमाने वाचलीच पाहिजेत असे नाही. विजेची ओळख असणाऱ्यांनी थेट जोडणीपासून सुरुवात केली तरी चालेल, फक्त हिशेबाचे प्रकरण कुणी गाळू नये. जोडणी करताना आधी बॅटरी कंट्रोलरला जोडायची, मग प्लेट. सोडवताना उलट. आणि सर्व स्क्रू आवळून होईपर्यंत प्लेटवर जाड कापड टाकून ठेवायचे, कारण उजेडात असलेल्या प्लेटला बंद करण्याचे बटण नसते.